मेंदूची राखण आणि विसरण्याचा आजार

(प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एका निवृत्त आरोग्य सहायिकेने केलेल्या भाषणाचा हा मजकूर. ज्यांना सभेला येता आले नाही त्यांच्यासाठी देत आहोत. – संपादक मंडळ)

 ज्या आज आल्या नाहीत, म्हशीला कोण बघणार म्हणून घरी थांबल्या, त्या हे वार्तापत्रात वाचतील. 

मला ‘उतारवयातील आरोग्य’ हा विषय दिलाय. तो गोणीभर आहे. मी त्यातला पसाभर घेणार. विसरण्याचा आजार. दवाखान्यात त्याला डिमेन्शिया म्हणतात, पुस्तकात स्मृतिभ्रंश म्हणतात, आणि आपण ‘म्हातारचळ लागला’ म्हणतो आणि विषय मिटवतो. साठी बुद्धी नाठी म्हणून हसतो. आज जरा हसणं बाजूला ठेवू.

तुमच्या गटात असं झालंय का बघा. एक मावशी आहेत. गट सुरू झाला तेव्हापासून त्यात आहेत, मध्ये पाच-सहा वर्षं कोषाध्यक्ष होत्या. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण कुणाचे किती आले नि कुणाचे राहिले, सगळं तोंडपाठ. गेल्या दिवाळीपासून त्या म्हणतात, “मी हप्ता भरला.” वहीत नोंद नाही. पुढच्या बैठकीत पुन्हा म्हणतात, भरला. पन्नास-पन्नासच्या नोटा मोजताना अडखळतात, रागावतात, नोटा टाकून उठून जातात. बाकीच्या बायका एकमेकींकडं बघतात. एखादी म्हणते, “म्हातारी लबाड झाली.” आणि तिकडं घरी मावशी म्हणतात की सुनेनं बोरमाळ चोरली. बोरमाळ तीन दिवसांनी तुरीच्या डब्यात सापडते. तोवर सून माहेरी गेलेली असते.

ही लबाडी नाही. हा सुनेचा द्वेषही नाही. ही आजाराची सुरुवात असू शकते. अशी सुरुवात बहुतेक वेळा घरातल्यांच्या आणि गटातल्या बायकांच्याच नजरेला आधी पडते, डॉक्टरांच्या नंतर. म्हणून हा विषय तुमच्यासमोर मांडतेय.

आपल्या देशात ६० वर्षांवरच्या लोकांची मोठी पाहणी झाली, तिचे आकडे २०२३ साली आले. शंभर माणसांत सातपेक्षा थोड्या जास्त जणांना डिमेन्शिया आहे. सगळे मिळून ८८ लाखांच्या आसपास. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, आणि शहरापेक्षा खेड्यात जास्त. आपल्याला वाटतं हा मोठ्या शहरातल्या, मोकळ्या घरात एकट्या बसणाऱ्या लोकांचा आजार. तो आपल्याच ओसरीवर जास्त बसलाय.

डिमेन्शिया म्हणजे आजारांचं एक कुटुंब समजा. त्यातला थोरला अल्झायमर. ते एका डॉक्टरांचं नाव आहे. १९०१ साली जर्मनीत फ्रँकफुर्टच्या दवाखान्यात त्यांच्याकडं ऑगुस्त देतर नावाची बाई आली. वय अवघं ५१. नवरा रेल्वेत नोकरीला. तिचा पहिला त्रास विसरण्याचा नव्हता बरं. ती नवऱ्यावर संशय घ्यायला लागली होती. शेजारणीबरोबर याचं काहीतरी आहे म्हणायची. मग वस्तू लपवायला लागली, स्वयंपाक बिघडायला लागला, घरातल्या घरात वाट चुकायला लागली. १९०६ मध्ये ती गेली, तेव्हा डॉक्टर अल्झायमर यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली बघितला. त्यात पेशींच्या बाहेर एका चिकट प्रथिनाचे थर साचलेले दिसले, आणि पेशींच्या आत धाग्यांचे गुंते. सव्वाशे वर्षांपूर्वीची, सातासमुद्रापलीकडची ती बाई. पण संशय, लपवाछपवी, बिघडलेला स्वयंपाक हे ऐकून तुमच्यातल्या दोघीतिघींनी आत्ता माना हलवल्या, ते मी बघितलं.

त्या चिकट प्रथिनाला अमिलॉइड म्हणतात. पुष्कळ वर्षं सगळं लक्ष त्यावरच होतं. कचरा साचला, मेंदू बिघडला, एवढा सोपा हिशेब. पण काही माणसांच्या मेंदूत भरपूर कचरा असतो आणि ती शेवटपर्यंत ठणठणीत असतात. मग बाकीच्यांत काय वेगळं होतं? इथं शरीराची प्रतिकारशक्ती येते. तेच मला आज सांगायचंय.

प्रतिकारशक्ती म्हटलं की आपल्याला ताप, पू, लस एवढंच आठवतं. पण मेंदूची स्वतःची वेगळी राखण असते. तिथल्या राखणदार पेशींना मायक्रोग्लिया म्हणतात. १९१९ साली स्पेनच्या पिओ देल रिओ ओर्तेगा नावाच्या डॉक्टरांनी त्या ओळखल्या. मेंदूतल्या साधारण दहा पेशींमागं एक ही राखणदार. आपण आईच्या पोटात अगदी तिळाएवढे असतो तेव्हाच या पेशी मेंदूत येऊन बसतात आणि जन्मभर तिथंच राहतात. २००५ साली जिवंत उंदराच्या मेंदूत त्या बघितल्या, तेव्हा कळलं की त्या स्वस्थ बसलेल्या नसतातच. आपले बारीक हात सारखे इकडं तिकडं फिरवून चाचपत असतात.

ज्वारीच्या राखणीला माळ्यावर बसलेलं माणूस डोळ्यांसमोर आणा. हातात गोफण. पाखरांचा थवा आला की हाकारा, खडा. बांधावर काही सडलं, मेलं तर तेही तोच उचलून टाकतो. मायक्रोग्लिया हेच करतात. जंतू आला तर हाकलतात, मेलेल्या पेशी खाऊन टाकतात, अमिलॉइड साचायला लागलं तर त्याच्याभोवती कडं करतात, म्हणजे ते पसरत नाही. हे कडं करण्यासाठी त्यांना एक खुंटी लागते, तिला ट्रेम-टू म्हणतात. काही माणसांत जन्मतःच ही खुंटी कच्ची असते, आणि त्यातल्या एका प्रकारात अल्झायमरचा धोका दोन ते चार पट होतो. हे २०१२-१३ मध्ये कळलं, आणि त्यानंतर शास्त्रज्ञ राखणदाराकडं नीट बघायला लागले. म्हणजे राखण चांगली असेल तर पीक वाचतं.

पण गोफण दिवसरात्र चालू राहिली तर? पाखरं नसतानाही खडे सुटायला लागले तर? मग कणसंच झडतात. तसंच इथं होतं. वर्षानुवर्षं कचरा उपसून राखणदार थकतो, बिथरतो, त्याचा हात थांबत नाही. जी रसायनं जंतूंसाठी सोडायची ती आपल्याच पेशींवर सुटत राहतात. याला मेंदूतली सूज म्हणतात. डोकं सुजून दिसतं ती सूज नव्हे. ही बारीक, आतल्या आत धुमसणारी, भुशातल्या विस्तवासारखी.

आणखी एक गोष्ट. ही मला फार महत्त्वाची वाटते, म्हणून जरा सावकाश ऐका. ज्वारी-बाजरी दाट उगवली की आपण विरळणी करतो. जोमाची रोपं ठेवतो, बाकीची उपटतो. लहान मुलाच्या मेंदूतही पेशींचे एकमेकींशी जोड गरजेपेक्षा जास्त असतात, आणि त्यातले नको असलेले जोड मायक्रोग्लिया खाऊन टाकतात. कुठला जोड काढायचा त्यावर शरीर एक खूण लावतं. ती खूण लावणारी प्रथिनं प्रतिकारशक्तीचीच असतात. हे काम वाढीच्या वयात होतं आणि पुढं बरंचसं थांबतं. २०१६ साली उंदरांवरच्या प्रयोगात असं दिसलं की अल्झायमरच्या अगदी सुरुवातीला, अमिलॉइडचे थर साचण्याच्याही आधी, ही विरळणी पुन्हा चालू होते. भर पिकात. चांगल्या जोडांवर खुणा पडतात आणि राखणदार ते खात सुटतो. एक जोड गेला की एक आठवण, एक वाट, एक हिशेब सैल होतो. ती खूण लावणं किंवा ते खाणं थांबवलं तेव्हा त्या उंदरांचे जोड वाचले. माणसासाठी यावरून अजून औषध झालेलं नाही.

माणसाच्या मेंदूत अमिलॉइड साचायला सुरुवात होते ती विसरायला लागण्याच्या पंधरा-वीस वर्षं आधी. म्हणजे सत्तरीतल्या मावशींचा आजार त्यांच्या पन्नाशीत सुरू झालेला असतो, त्या रोजगाराला जात होत्या, गटाचा हिशेब ठेवत होत्या तेव्हा. आता इथं पन्नाशीतल्या किती जणी बसल्यात, हात वर करायला सांगत नाही.

तर हा राखणदार बिथरतो का? वय हे एक कारण. दुसरं, शरीरातून त्याला सारखे निरोप जातात. तुम्हाला ताप आला की काय होतं? जंतू घशात असतो, पण बोलावंसं वाटत नाही, जेवण नको, एका कडेला पडून राहावंसं वाटतं. हे कुणी केलं? घशातल्या पेशींनी रक्तातून निरोप धाडला आणि मेंदूनं तो ऐकला. ताप उतरला की निरोप थांबतात. पण ज्या बाईची शुगर दहा वर्षं वाढलेली आहे, कंबरेभोवती चरबी वाढलीय, चुलीचा धूर रोज छातीत जातोय, हिरड्यांतून मिशरीच्या जागी पू-रक्त येतंय, तिच्या मेंदूला असे बारीक निरोप बारा महिने चोवीस तास जात राहतात. राखणदार कायम उठून उभा.

आणि अशा आधीच बिथरलेल्या राखणदाराच्या शेतात एक मोठा जंतुसंसर्ग झाला, तर एका रात्रीत सगळं उधळतं. याचं मी बघितलेलं एक उदाहरण सांगते. नोकरीत असताना एका वाडीवर गेले होते. पंच्याहत्तरीच्या आजी. थोडं विसरायच्या, पण चालतं-फिरतं सगळं नीट. दोन दिवसांत अशी अवस्था झाली की भिंतीवर मुंग्या चालतायत म्हणून हातानं झाडायच्या, लुगडं फेडायच्या, रात्रभर गेलेल्या बहिणीशी बोलायच्या, आणि दुपारी इतक्या गुंगीत की हाक मारली तरी डोळे उघडेनात. घरच्यांनी बाहेरचं झालंय म्हणून भगताला बोलावलं होतं. कोंबडं बांधलेलं होतं अंगणात. अंगाला हात लावला तर ताप फारसा नव्हता. लघवी दोन दिवसांत एकदाच, आणि तीही गढूळ, वास मारणारी. तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, सलाईन आणि जंतुनाशक औषध सुरू झालं, पाचव्या दिवशी आजी उठून चहा मागायला लागल्या. कोंबड्याचं पुढं काय झालं ते मी विचारलं नाही.

याला दवाखान्यात डिलिरियम म्हणतात. हा डिमेन्शिया नव्हे, पण दोघांची ओळख आहे. ज्याला डिमेन्शियाची सुरुवात झालेली असते त्याला हा लवकर गाठतो, आणि ज्याला हा होऊन जातो त्याचा पुढं विसरण्याचा वेग वाढू शकतो. फरक ओळखायला सोपा आहे. डिमेन्शिया महिन्यांनी, वर्षांनी चढतो. डिलिरियम तासांत किंवा दोन-तीन दिवसांत येतो आणि दिवसभरात कमीजास्त होतो, सकाळी बरं आणि संध्याकाळी भलतंच. म्हाताऱ्या माणसाला जंतुसंसर्ग झाला तरी ताप येईलच असं नाही, एवढं डोक्यात ठेवा. लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, उन्हाळ्यात पाणी कमी पडणं, आठवडाभर शौचाला न होणं, शुगर उतरणं, झोपेच्या किंवा सर्दीच्या गोळ्या, यातलं काहीही कारण असतं. तेव्हा कालपरवापर्यंत बरं असलेलं म्हातारं माणूस एकाएकी बरळायला लागलं, किंवा एकाएकी गप्प होऊन नुसतं झोपायला लागलं, तर वाट बघायची नाही. १०८ ला फोन करा. आणि डॉक्टरांना पहिलं वाक्य हे सांगा की “दोन दिवसांपूर्वी हे असं नव्हतं.” हे वाक्य नसेल तर डॉक्टरही म्हणतात, वय झालंय. गप्प डिलिरियम तर घरचेही सोडून देतात, म्हणतात आज आजीनं काही त्रास दिला नाही.

आता नागिणीची गोष्ट. अंगावर एका बाजूला पट्टा उठतो, आग होते, फोड येतात, ती नागीण. तिची दोन्ही टोकं मिळाली की माणूस दगावतो असं आपल्याकडं म्हणतात. ते खोटं आहे. ती लहानपणीच्या कांजिण्यांचाच विषाणू, मज्जातंतूंत दडून बसलेला, प्रतिकारशक्ती उतरली की वर येणारा. गेरूचा लेप देऊन तो जात नाही. फोड उठल्यापासून तीन दिवसांच्या आत डॉक्टरांकडं गेलं तर गोळ्यांचा उपयोग होतो.

इंग्लंडच्या शेजारी वेल्स म्हणून छोटा देश आहे. तिथं १ सप्टेंबर २०१३ पासून नागिणीची लस द्यायला सुरुवात झाली. लस थोडी होती, म्हणून नियम काढला की २ सप्टेंबर १९३३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांनाच मिळेल, त्याआधी जन्मलेल्यांना कधीच नाही. आता बघा, एक आठवडा आधी जन्मलेला माणूस आणि एक आठवडा नंतर जन्मलेला, दोघांच्यात फरक काय? खाणं तेच, गाव तेच, वय तेच. फरक फक्त लसीचा. शास्त्रज्ञांनी या दोन्ही गटांच्या सात वर्षांच्या नोंदी तपासल्या. लस घेतलेल्यांत डिमेन्शियाचं प्रमाण सुमारे एक पंचमांशानं कमी निघालं, आणि फायदा बायकांत जास्त दिसला. हे २०२५ मध्ये छापून आलं. लसीनं विषाणू दबून राहिला म्हणून सूज कमी झाली की लसीनं राखणदारालाच चांगलं वळण लावलं, यावर अजून अभ्यास चालू आहे. आपल्याकडं ही लस सरकारी कार्यक्रमात नाही, खासगीत मिळते आणि फार महाग आहे. तिच्यासाठी गटातून कर्ज काढा असं मी सांगणार नाही. सांगायचं कारण एवढंच की जंतू, प्रतिकारशक्ती आणि आठवण यांचा संबंध आहे, हे इतक्या स्वच्छपणे क्वचितच दिसतं.

इथं एक धोका आहे आणि मला तो बोललाच पाहिजे. प्रतिकारशक्तीचं नाव काढलं की लगेच कुणीतरी पावडरीचा डबा विकायला येतं. करोनानंतर तर ऊत आला. आपल्याच काही गटांतल्या बायकांना साखळी पद्धतीनं असे डबे विकायला लावलेत, तीन-तीन हजारांचे. बायांनो, या आजारात प्रतिकारशक्ती कमी पडते एवढाच प्रश्न नाही, ती भलतीकडं चालते हाही प्रश्न आहे. गोफण आधीच सुटलेली असताना आणखी खडे कशाला पुरवायचे? आणि त्या डब्यानं तसं काही होतं असंही कुणी दाखवलेलं नाही.

उलटं टोकही खरं नाही. सूज आहे ना, मग सुजेची गोळी घेऊ, असं मोठमोठ्या डॉक्टरांनाही वाटलं होतं. गुडघेदुखीसाठी ज्या जातीच्या गोळ्या आपण घेतो, त्या जातीची दोन औषधं अमेरिकेत २००१ पासून अडीच हजार म्हाताऱ्या माणसांना देऊन बघितली. आजार टळला नाही, आणि हृदयाला धोका वाटल्यानं गोळ्या मध्येच थांबवाव्या लागल्या. तेव्हा दुखण्याच्या गोळ्या या कारणासाठी खाऊ नका. तशाही आपण त्या चण्या-फुटाण्यासारख्या खातो आणि मूत्रपिंड बिघडवून घेतो.

नवी औषधं निघाली आहेत. लेकॅनेमॅब नावाचं एक, अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळालेलं. ते म्हणजे कारखान्यात बनवलेलं प्रतिकारशक्तीचंच प्रथिन. ते अमिलॉइडला चिकटतं आणि राखणदाराला बोट दाखवतं, हे उचल. दीड वर्षाच्या चाचणीत आजाराचा वेग साधारण पाव हिश्शानं कमी झाला. गेलेली आठवण परत आली नाही. सुरुवातीला दर पंधरा दिवसांनी सलाईनमधून घ्यायचं, मेंदूचे फोटो पुन्हा पुन्हा काढायचे, मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका. सुरुवातीच्याच रुग्णांना चालतं. एवढं सांगून पुढं जाते.

मग आपल्या हातात काय? २०२४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या समितीनं हिशेब मांडला की टाळता येण्यासारख्या चौदा कारणांकडं लक्ष दिलं तर जगातला साधारण ४५ टक्के डिमेन्शिया टळू किंवा लांबू शकतो. चौदाही वाचत नाही. आपल्याशी जास्त संबंध असलेली सांगते. बीपी आणि शुगर. उपकेंद्रात तीस वर्षांवरच्या सगळ्यांची तपासणी फुकट होते, आशाताई बोलवायला येतात तेव्हा “मला काही होत नाही” म्हणून परत पाठवू नका. गोळी सुरू झाली की बरं वाटल्यावर बंद करू नका. कान. ऐकू कमी आलं की माणूस चारचौघांत बोलायचं सोडतं आणि मेंदूला काम राहत नाही. डोळे, मोतीबिंदूचं ऑपरेशन लांबवू नका. चुलीचा धूर आणि विडी-सिगारेट. एकटेपण आणि मनाचा उदासपणा. आणि शिक्षण कमी असणं. हे शेवटचं वाचून मला राग येतो. आमच्या पिढीच्या बायकांची शाळा कुणी सोडवली? शाळेत न पाठवलेल्या मुलीला सत्तराव्या वर्षी पुन्हा त्याचीच शिक्षा.

आता गटापुरतं बोलते. ज्या मावशी अशा अडखळायला लागल्यात त्यांना बैठकीतून काढू नका. चारचौघींत बसणं हेही त्यांच्या मेंदूला काम आहे. हिशेबाचं काम मात्र हळूच दुसरीकडं द्या, आणि चूक दाखवायला म्हणून सगळ्यांसमोर वही उघडू नका. हप्ता घेतला की त्यांच्या पासबुकात तिथल्या तिथं नोंद करा आणि सून किंवा मुलगी, जी विश्वासाची असेल तिला दाखवा. सगळ्यात महत्त्वाचं, नव्या कर्जाच्या कागदावर त्यांचा अंगठा घेऊ नका. घरातलाच कुणी त्यांच्या नावावर कर्ज काढायला बघत असेल, आणि हे होतं हे तुम्हाला ठाऊक आहे, तर गटानं नाही म्हणायचं आणि तसं इतिवृत्तात लिहायचं.

चोरीचा आळ आलेल्या सुनांना एकच सांगते. त्यांनी वस्तू ठेवली आणि ठेवल्याची आठवण पुसली गेली. वस्तू जागेवर नाही हे दिसतं, आणि मेंदू त्या रिकाम्या जागी जवळचं माणूस बसवतो. जी दिवसभर समोर असते तीच चोर ठरते. म्हणून “मी नाही घेतली” असा वाद घालू नका. “चला, दोघी शोधू” म्हणा. डाळीचा डबा, गादीखाली, देवघर. जागा ठरलेल्या असतात. आणि रात्री दोन वाजता हे पाचव्यांदा झालं की तुम्हीही ओरडणार, ते मलाही माहीत आहे. नवऱ्याला आणि नणंदेला आठवड्यातून दोन रात्री वाटून द्या. आई त्यांचीच आहे.

सभेनंतर विचारलेले प्रश्न

“माझ्या आईला होता, मला होणार का?” – शक्यता थोडी वाढते, नक्की होणारच असं नाही. आईचं बीपी कधी कुणी मोजलं नव्हतं, तुमचं मोजता येतं.

“विसरणं आणि आजार यात फरक कसा करायचा?” – चष्मा कुठं ठेवला हे मीही विसरते. चष्मा कशासाठी असतो हे विसरलं तर आजार. पन्नास वर्षं भाकरी करणारी बाई परातीत पीठ घेऊन पुढं काय करायचं म्हणून थांबली, रोजच्या गिरणीची वाट चुकली, तर दवाखान्यात न्या. सहा महिन्यांत काय काय बदललं ते शाळेतल्या नातवाकडून तारखेसह लिहून घ्या आणि तो कागद डॉक्टरांना द्या.

“तपासून काही उपयोग आहे का, बरं तर होत नाही.” – आधी दुसरं कारण नाही ना, हे बघायला तपासायचं. बी-१२ जीवनसत्त्व कमी असणं, थायरॉईड, मनाचं आजारपण, पडल्यानंतर काही आठवड्यांनी डोक्यात साचलेलं रक्त, यांतही माणूस असंच विसरतं आणि त्यातलं पुष्कळ औषधानं किंवा ऑपरेशननं सुधारतं. एका गावात एका बाईंना दोन वर्षं सगळ्यांनी वेडी ठरवलं होतं. बी-१२ ची इंजेक्शनं सुरू केल्यावर तिसऱ्या महिन्यात त्या स्वतः बाजारात जाऊन भाजी विकायला लागल्या. प्रत्येकीचं असं होईल असं नाही, पण तपासल्याशिवाय कळणार कसं?

“घरचे नेत नाहीत, काय करू?” – ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ हा मोफत फोन आहे. घरातल्यांशी कसं बोलायचं, जवळ कुठं न्यायचं, हे तिथं विचारता येतं. मनाच्या त्रासासाठी टेलि-मानसचा १४४१६ आहे, तो सांभाळणाऱ्या बाईनंही लावावा. मराठीत बोलतात. दोन्ही नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा, सीआरपी ताईंनी पुढच्या बैठकीत ते बघून घ्यावेत.